छोट्या छत्रीचं कूळ

कोल्हापूर जिल्ह्याला विमानातून उडी मारणाऱ्या माणसाचं अप्रूप नाही. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या की गडहिंग्लज-चंदगडचा डोंगरपट्टा, इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत जात आली. 15 एप्रिल 1952 ला भारतीय लष्कराची पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा याच मराठा रेजिमेंटची एक पलटण तिच्यात 2 पॅरा म्हणून सामील झाली. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी टांगाइलजवळ उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेतला तो याच पलटणीने. परदेशी वर्तमानपत्रांत पाच हजार छत्रीधारी उतरल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात उतरलेली माणसं सातशेच्या घरातली होती. अफवेनेही लढाईत काम केलं, पण तो विषय वेगळा.

फौजेची ही उडी मुद्दाम कमी उंचीवरून मारतात, हजार-बाराशे फुटांवरून. जवान हवेत जितका कमी वेळ, तितकी शत्रूला नेम धरायला कमी सवड. छत्रीही त्याने स्वतः उघडायची नसते. विमानातल्या तारेला अडकवलेला पट्टा ती उघडून देतो. आग्र्याला अशा पाच उड्या पुऱ्या केल्या की छातीवर पंख लागतात. या उडीचा उपयोग काय, असं गावात कुणी विचारत नाही.

तो प्रश्न येतो दुसऱ्या टोकाच्या उडीला. 14 ऑक्टोबर 2012 रोजी ऑस्ट्रियाचा फेलिक्स बॉमगार्टनर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोवर 38,969 मीटर उंचीवरून खाली झेपावला. कोल्हापूरहून निपाणी जेवढी लांब, जवळपास तेवढाच तो जमिनीपासून वर होता. खर्च एका शीतपेयाच्या कंपनीचा आणि ऐंशी लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी इंटरनेटवर बघत बसलेली. एवढ्याचं करायचं काय? माझं उत्तर एका लहानशा छत्रीच्या कुळातून जातं.

मोठ्या छत्रीची गोष्ट सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते. 22 ऑक्टोबर 1797 ला पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ बलूनमधून रेशमी छत्री घेऊन उतरला. छत्रीच्या माथ्याला भोक नव्हतं, त्यामुळे कोंडलेली हवा मिळेल त्या कडेने निसटत होती आणि खालची टोपली भयंकर हेलकावत होती. पुढे माथ्याला भोक पाडलं आणि हेलकावे आटोक्यात आले. छत्रीचा नुसता आकार पुरत नाही, हवेला वाट काढून द्यावी लागते, हे तिथे कळलं.

छोटी छत्री आली ती मात्र माणूस झेलायला नव्हे, वेग मोडायला. रशियात ग्लेब कोतेल्निकोव नावाचा एक नट होता. 1910 मध्ये सेंट पीटर्सबर्गला विमानातून पडून मेलेला वैमानिक त्याने पाहिला आणि तो छत्रीच्या मागे लागला. पाठीवर घडी करून बांधता येईल अशी छत्री त्याने बनवली. 1912 मध्ये भरधाव मोटारीच्या मागे छत्री उघडून तिचा वेग कसा तुटतो हेही दाखवलं. याच युक्तीवर पुढे विमानं आखूड धावपट्टीवर थांबवली गेली. वेग मोडणाऱ्या आणि दिशा सावरणाऱ्या या लहान छत्रीला आज ड्रोग म्हणतात.

त्या काळी एक समजूत पक्की होती: माणूस मोकळा पडू लागला की हवेतच शुद्ध हरपतो, मग दोरी ओढणार कोण? 28 एप्रिल 1919 ला अमेरिकेत लेस्ली अर्विनने विमानातून उडी मारली, थोडा वेळ मोकळा पडला आणि स्वतःच्या हाताने दोरी ओढून ती समजूत खोटी पाडली. ही कसरत होती की प्रयोग? दोन्ही. पण त्यानंतर वैमानिकाच्या पाठीवर छत्री आली आणि असंख्य जीव वाचले. मला हिशेबाला धरण्याजोगी वाटणारी पहिली साहसी उडी हीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानं इतकी उंच जाऊ लागली की प्रश्न नव्याने उभा राहिला. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. खालच्या दाट हवेत हातपाय पसरून शरीर सावरता येतं. तिथे हवाच नाही, तर हात टेकायचा कशावर? शरीर जराही तिरपं सुटलं की गिरकी घेऊ लागतं आणि ती वाढतच जाते. अमेरिकन हवाई दलाने 1950 च्या दशकात माणसाच्या आकाराचे पुतळे वरून सोडून पाहिले. काही पुतळे मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या घेत खाली आले. जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त साचून तो मेला असता. मोठी छत्री वरच उघडावी, तर दोऱ्यांचा पीळ पडणार. नाहीच पडला तरी थंडीत आणि प्राणवायूविना माणूस तिला लटकून राहणार.

यावर तोड काढली फ्रान्सिस बोप्रे या तंत्रज्ञाने. उडी मारल्यावर काही सेकंदांनी पाच-सहा फुटी ड्रोग उघडायची. ती माणसाला सरळ ठेवेल, पण पडण्याचा वेग फार कमी करणार नाही. सुमारे अठरा हजार फुटांवर दाट हवा लागली की मग मोठी छत्री. त्याच्या या युक्तीची परीक्षा कॅप्टन जोसेफ किटिंजरने स्वतःच्या अंगावर घेतली.

पहिल्या उडीत, 16 नोव्हेंबर 1959 ला, ती जवळजवळ त्याच्या जिवावर बेतली. छोटी छत्री वेळेआधीच सुटली, तिची दोरी मानेभोवती आवळली आणि किटिंजर मिनिटाला 120 फेऱ्या घेत बेशुद्ध पडला. आपोआप उघडणाऱ्या छत्रीने त्याला वाचवलं. दुरुस्ती केली आणि महिन्याभरात तो पुन्हा वर गेला. 16 ऑगस्ट 1960 ला 1,02,800 फुटांवरून त्याने तिसरी उडी मारली. वर जाताना उजव्या हातमोज्यातला दाब गेला होता, हात सुजून दुप्पट झाला होता. मोहीम थांबवतील म्हणून त्याने खाली कळवायला उशीर केला. या लपवालपवीचं कौतुक मला जमत नाही. पण ड्रोगने काम चोख केलं. तो चार मिनिटं छत्तीस सेकंद सरळ पडत राहिला.

पुढची पानं दुःखाची आहेत. 1 नोव्हेंबर 1962 ला व्होल्गाकाठी दोन सोव्हिएत अधिकाऱ्यांनी उड्या मारल्या. येवगेनी आंद्रेयेव ड्रोगशिवाय साडेचोवीस किलोमीटर पडून सुखरूप उतरला. प्योत्र दोल्गोव शिरस्त्राणाची काच तडकून मेला. अमेरिकेचा निक पियांतानिदा, पेशाने ट्रकचालक, हौसेखातर या वाटेला लागला. 1966 च्या मे महिन्यात वर जातानाच पोशाखातला दाब गेला, तो बेशुद्ध झाला आणि चार महिन्यांनी वारला. त्याच्या मोहिमेतून कुणाच्या हाती काय लागलं, हे मला सांगता येत नाही.

आता विक्रमाच्या वहीची गंमत पाहा. किटिंजरने ड्रोग वापरली, म्हणून मोकळ्या पडण्याचा अधिकृत विक्रम पन्नास वर्षं आंद्रेयेवच्या नावावर राहिला. बॉमगार्टनरकडे गिरकी हाताबाहेर गेलीच तर आपोआप उघडणारी ड्रोग होती. गिरकी लागलीही, पण त्याने हातांनी सावरलं. म्हणून ताशी 1,357 किलोमीटर वेगाचा विक्रम त्याचा. 24 ऑक्टोबर 2014 ला गूगलमधला अधिकारी ॲलन युस्टेस 41,419 मीटरवरून, म्हणजे आणखी वरून पडला. कॅमेऱ्यांचा लवाजमा नाही, प्रायोजक नाही, बलूनखाली बसायला बंद कुपी नाही. अंगावर दाबाचा पोशाख आणि पाठीमागे ड्रोग. उंचीचा विक्रम त्याला मिळाला, पण पडण्याचं अंतर वेगळ्या रकान्यात गेलं. ज्या वस्तूसाठी हा खटाटोप सुरू झाला, तीच वापरली तर वही वेगळं पान काढते!

बॉमगार्टनरची उडी निव्वळ जाहिरात होती असंही मी म्हणणार नाही. तिचे वैद्यकीय प्रमुख होते जोनाथन क्लार्क. त्यांची पत्नी लॉरेल क्लार्क कल्पना चावलाबरोबर 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यानाच्या अपघातात गेली. अंतराळवीराला वरून जिवंत उतरवता येईल का, हा त्यांचा प्रश्न पोशाखाच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींत शोधला गेला. तेवढा भाग कामाचा. बाकी तमाशा.

आपल्याकडेही या घराण्याचे सोयरे आहेत. 26 नोव्हेंबर 2005 ला विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनने 21,027 मीटरवर गेले आणि सिन्नर तालुक्यात पांचाळे गावी उतरले. शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 ला उत्तर ध्रुवावर उडी मारली, ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच. 2018 मध्ये थायलंडात त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून. यातून विज्ञानाला काही मिळालं असा दावा करू नये, आणि करायची गरजही नाही. खासबागेत कुस्ती बघायला बसलेला कोल्हापूरकर फायदा विचारत नाही. खेळ खेळ म्हणून आवडतो, तसं हे धाडस धाडस म्हणून आवडावं. वाद आहे तो खेळाला प्रयोगशाळेचा अंगरखा चढवणाऱ्यांशी.

खुद्द ड्रोग आता आपल्या दारी आली आहे. गगनयानाची कुपी समुद्रात उतरवायला एकूण दहा छत्र्या लागतात. त्यांतल्या दोन ड्रोग कुपीला सावरून तिचा वेग आवरतात, मग तीन लहान छत्र्या तीन मोठ्या छत्र्यांना बाहेर ओढतात. या छत्र्या आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या मदतीने बनल्या. 24 ऑगस्ट 2025 ला श्रीहरिकोटाजवळ हेलिकॉप्टरमधून कुपी सोडून त्यांची चाचणी झाली, तीही आत माणूस न बसवता. विक्रमासाठी वर जाणाऱ्याने खुशाल जावं, स्वतःच्या नाहीतर प्रायोजकाच्या पैशाने. जनतेचा पैसा या दहा छत्र्यांवर लागावा.