‘परके’ ऑक्झिन

खिडकीतल्या कुंडीतले रोप उजेडाकडे का झुकते, असे मुलांनी विचारले की आपण फळ्यावर ‘ऑक्झिन’ हा शब्द लिहून मोकळे होतो. तो शब्द फळ्यापर्यंत यायला बराच काळ जावा लागला, आणि वाटेत एक मोठी फसगतही झाली.

१८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अंकुराच्या टोकावर अपारदर्शक टोपी चढवली, तर तो उजेडाकडे वळेना. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तर वळे. म्हणजे उजेड जाणवतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग! मग मधला निरोप्या कोण? १९१३ साली डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेन यांनी टोक कापले आणि मध्ये जिलेटिनचा थर ठेवून पुन्हा बसवले. अंकुर तरीही वळला. त्या अर्थी निरोप्या हा विरघळणारा पदार्थ असणार.

हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी १९२६ साली तो पकडला. ओटच्या अंकुरांची कापलेली टोके त्यांनी काही वेळ अगरच्या वडीवर ठेवली. मग टोके काढून टाकून नुसती वडी दुसऱ्या, टोक छाटलेल्या अंकुरावर एका कडेला ठेवली. अंधारातही अंकुर विरुद्ध बाजूला वाकला. पदार्थ जास्त तर, एका मर्यादेपर्यंत, वाकही जास्त. पदार्थ कोणता हे ठाऊक नसतानाच तो मोजण्याचे साधन हाती आले. माझ्या मते वेंट यांचे मोठे काम हेच.

अंकुरांत हा पदार्थ इतका अल्प की त्यावरून त्याची रासायनिक ओळख पटणे कठीण. उट्रेख्टच्याच क्योग्ल, हागेन-स्मिट आणि एर्क्सलेबेन यांनी इतरत्र शोध घेतला, तेव्हा तो मुबलक सापडला मानवी मूत्रात. (वर्गात इथे हशा पिकतो, पिकू द्यावा.) त्यांनी ‘ऑक्झिन-ए’ आणि ‘ऑक्झिन-बी’ अशी दोन संयुगे जाहीर केली. दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्ये. १९३४ साली मूत्रातूनच तिसरे संयुग मिळाले. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ९, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा १ अणू. हे इंडोल ॲसेटिक आम्ल रसायनशास्त्रज्ञांच्या आधीपासूनच ओळखीचे होते. नायट्रोजनवाला हा पाहुणा जरा उपराच वाटला असावा. त्याला नाव दिले ‘हेटेरोऑक्झिन’, म्हणजे वेगळे, परके ऑक्झिन.

पुढे ती दोन ‘अस्सल’ ऑक्झिने इतर प्रयोगशाळांत कोणाच्याच हाती लागेनात. उलट १९४६ साली, तोवर अमेरिकेत गेलेल्या हागेन-स्मिट यांनीच सहकाऱ्यांसह मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून शुद्ध इंडोल ॲसेटिक आम्ल वेगळे केले. वनस्पतींचे मुख्य ऑक्झिन ते हेच, परके ठरवलेले!

उट्रेख्टमध्ये जपून ठेवलेले जुने नमुने १९६६ साली पुन्हा तपासले गेले. बाटल्यांवर ‘ऑक्झिन-ए’, ‘ऑक्झिन-बी’ असे लिहिलेले होते. आत निघाले भलतेच पदार्थ. हे ऐकायला क्योग्ल नव्हते. १९५९ सालीच त्यांचे निधन झाले होते.