वेगाची मर्यादा कोण ठरवतं? मदरबोर्ड, ओव्हरक्लॉकिंग आणि बेताचा खिसा



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं? प्रश्न तरुण मंडळींचा आहे: थोडक्या पैशांत असा मदरबोर्ड कसा निवडायचा, की ज्यावर प्रोसेसर छापील वेगाच्या पुढे चालवता येईल? याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण आम्हाला त्याच्या तळाशी आपला जुनाच प्रश्न दिसतो. वस्तूची मर्यादा वस्तूत असते, की तिच्यावरच्या लेबलात? या प्रश्नाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर कुठला बोर्ड घ्यावा हेही बऱ्यापैकी उलगडतं.

लेबलाची गोष्ट आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. आपल्या विठ्ठलवाडी स्टेशनाला लागून उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी जुन्या लष्करी छावणीत हे गाव उभं केलं. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण सगळे ऐकत आलो. त्यातला टोमणा सोडून द्या, मर्म घ्या: माल काय आहे हे माल पाहून ठरवावं, शिक्का पाहून नव्हे.

आता प्रोसेसरवरचा शिक्का कसा पडतो ते बघू. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून अनेक चिप्स निघतात आणि त्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. त्यांची चाचणी होते, कुठली किती वेगाने बिनचूक चालते ते पाहून प्रतवारी लागते. आंब्याच्या पेटीसारखंच आहे हे. पण बाजाराला स्वस्त माल जास्त हवा असेल, तर वरच्या प्रतीची चिपही खालच्या प्रतीच्या नावाने विकली जाते. म्हणजे छापील वेगात दोन मर्यादा मिसळलेल्या असतात, एक पदार्थाची आणि एक व्यापाराची. ओव्हरक्लॉकिंग करणारा या दोन वेगळ्या करून बघत असतो.

हा उद्योग फार जुना आहे. १९८४ मध्ये आयबीएमचा ‘पीसी एटी’ ६ मेगाहर्ट्झने चालत असे. त्यातला स्फटिक, म्हणजे ठोका देणारा क्रिस्टल, काढून दुसरा बसवला की तोच संगणक ८ मेगाहर्ट्झने पळे. कंपनीने पुढच्या बायॉसमध्ये वेग तपासायची सोय करून ही वाट बंद केली. ग्राहक दार शोधतो, कंपनी कडी लावते. हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

कडी लावण्यामागे नेहमी लोभच होता असं मात्र म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायची, असे प्रकार जगभर होत होते. त्यावर उपाय म्हणून इंटेलने मल्टिप्लायर कुलूपबंद केला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाचा मूळ ठोका गुणिले मल्टिप्लायर. गुणक बांधला गेला, ठोका मात्र बोर्डाच्या हातात राहिला. इथून मदरबोर्डाला महत्त्व आलं.

ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. ठोका ६६, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. इंटेलचा बीएक्स चिपसेट असलेल्या बोर्डावर ठोका १०० करता येई. साडेचार गुणिले शंभर, झाले ४५०! तेव्हाच्या सर्वांत वेगवान पेंटियम २ चा वेगही ४५० च होता आणि त्याची किंमत कित्येक पट. तैवानच्या ॲबिट कंपनीचा ‘बीएच६’ हा बोर्ड याच काळात गाजला, कारण त्यात जंपर काढत-घालत बसावं लागत नसे. बायॉसच्या पडद्यावरच ठोका आणि व्होल्टेज बदलता येई. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉन चिपवरचे तुटक पूल चक्क शिसपेन्सिलीने जोडून लोक गुणकाचं कुलूप उघडू लागले.

हे सगळं आपल्याकडे पोचलं ते लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी जुनंच. विठ्ठलवाडीहून लोकल, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, हातात सुट्या भागांची यादी आणि दुकानादुकानांतून कोटेशन. ‘असेंबल्ड’ संगणक हा मध्यमवर्गाचा संगणक होता. यादीत पैसे वाचवायचे म्हटले की पहिली कात्री मदरबोर्डावर पडे, कारण त्याचा वेग कुठे छापलेला नसतो. मोठा आकडा फक्त प्रोसेसरवर. पुन्हा लेबलच!

पुढे कड्या घट्ट झाल्या. २०११ च्या सुरुवातीला इंटेलने मूळ ठोकाच बाकी यंत्रणेशी असा बांधून टाकला, की तो जेमतेम हलावा. आता ‘के’ अक्षराचा प्रोसेसर हवा आणि बोर्डही वरच्या चिपसेटचा. २०१४ मध्ये मोकळ्या गुणकाचा स्वस्त पेंटियम जी३२५८ आला, तेव्हा काही बोर्ड कंपन्यांनी साध्या एच८१ बोर्डांवरही वेग वाढवायची सोय दिली. २०१७ मध्ये एएमडीने रायझेनचे गुणक मोकळे ठेवले आणि मधल्या दर्जाच्या बी३५० चिपसेटवरही परवानगी दिली. सर्वांत स्वस्त ए३२० वर दिली नाही. बेताच्या खिशाला ही मोठीच सवलत होती.

पण कुलूप उघडणं म्हणजे अर्धंच काम. उरते ती पदार्थाची मर्यादा, आणि ती कुणाच्या परवानगीने हलत नाही. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.४ करावं लागलं, तर उष्णता जवळजवळ दीडपट होते. दहा टक्क्यांसाठी पन्नास टक्के! शिवाय १.२ व्होल्टला १२० वॅट म्हणजे १०० अँपिअरचा प्रवाह. तो पुरवतो बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे पुरवठ्याचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणारा भाग. प्रवाह चार फेजमध्ये वाटला तर प्रत्येकीवर २५ अँपिअर, आठमध्ये वाटला तर साडेबारा. भार जितका वाटला जाईल तितका बोर्ड थंड. इथेही जाहिरातीपासून सावध राहा: मोजलेले चोक म्हणजे खऱ्या फेज असं नेहमी नसतं.

त्यात आपली हवा. परदेशी चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ३५ अंश सहज असतात. ते वरचे तेरा-चौदा अंश चिपच्या आणि व्हीआरएमच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे मिळवा. वर धूळ, दमट हवा आणि अवचित जाणारी वीज.

तेव्हा निवड कशी करायची? आधी कुलूप बघा: प्रोसेसर आणि चिपसेट, दोन्ही मोकळे हवेत. इंटेलमध्ये ‘के’ आणि ‘झेड’ अशी जोडी लागते. एएमडीत बी४५०, बी५५०, बी६५० या मधल्या बोर्डांवर काम होतं. मात्र ५८००एक्स थ्रीडीसारखे अपवाद बंद आहेत. मग व्हीआरएम बघा: त्यावर नीट बसवलेला हीटसिंक आहे का, आणि कुणी तासभर भार देऊन तापमान मोजलंय का. रंगीत दिवे, जादा स्लॉट, भारी साउंड यांवरचे पैसे वाचवा आणि कूलर, एसएमपीएस, यूपीएस यांवर घाला. वेग वाढवताना व्होल्टेजला सर्वांत शेवटी हात लावा.

आणि आजचं वास्तवही लक्षात घ्या. हल्लीचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला ताणतात. कंपन्यांनी ग्राहकासाठी फारशी शिल्लक ठेवलेली नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या कित्येक चिप्स जादा व्होल्टेजमुळे कायमच्या कमकुवत झाल्याचं समोर आलं आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. लेबल लावणाऱ्यालाही पदार्थाची मर्यादा चुकते, ती अशी.

ज्या घरात संगणक एकदाच घेतला जातो आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, सगळं चालतं, तिथे जळालेला बोर्ड हा प्रयोगाचा खर्च म्हणून सोडून देता येत नाही. ओव्हरक्लॉकिंगने वॉरंटीही जाऊ शकते. म्हणून आमचं सांगणं एवढंच: व्यापाऱ्याने घातलेली मर्यादा खुशाल तपासा, तो ग्राहकाचा हक्क आहे, पदार्थाची मर्यादा मात्र आधी समजून घ्या आणि मगच पुढे सरका. चांगला व्हीआरएम असलेला बोर्ड घेतलात आणि एक मेगाहर्ट्झही वाढवला नाहीत, तरी तो उन्हाळे काढील. पैसे वाया गेले असं होणार नाही.

आता प्रश्न घेऊ.