गंज, मीठ आणि इतिहास

लोखंड ओल्या हवेत ठेवले की गंजते, हे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्याच्याच पुढचा एक प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. जमिनीत दीड-दोन हजार वर्षे तग धरून राहिलेली लोखंडी वस्तू बाहेर काढून, स्वच्छ करून, संग्रहालयाच्या कोरड्या कपाटात ठेवली, तर ती पाच-दहा वर्षांतच फुटून तिचे तुकडे का होतात? युरोपातील संग्रहालयांना एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाने हैराण केले होते. त्याचे उत्तर शोधण्यात रसायनशास्त्रज्ञांच्या तीन-चार पिढ्या खर्ची पडल्या. ती हकिकत समजून घेण्याजोगी आहे, कारण आजही जुने लोखंड हाती आले की आपण नेमकी तीच चूक करायला निघतो.

जमिनीतला समझोता

आधी एक उदाहरण पाहू. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल येथे रोमन सैन्याची छावणी होती. इ.स. ८७ च्या सुमारास सैन्याने ती सोडली. जाताना बांधकामासाठी आणलेले खिळे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून एका खोल खड्ड्यात पुरून टाकले. १९६० मध्ये उत्खननात हा खड्डा सापडला. त्यात सुमारे पावणेनऊ लाख खिळे होते! कडेचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांचे एक घट्ट कवच तयार झाले होते. या कवचामुळे पाणी आणि ऑक्सिजन आत पोहोचू शकले नाहीत. म्हणून आतले असंख्य खिळे जवळजवळ नव्यासारखे राहिले. अणुऊर्जेतील किरणोत्सारी कचरा लोखंडी पिंपांत भरून पुरला, तर ती पिंपे किती काळ टिकतील, याचा अंदाज बांधण्यासाठी शास्त्रज्ञांनी पुढे याच खिळ्यांचा आधार घेतला.

म्हणजे गंज दर वेळी शत्रूच असतो असे नाही. जमिनीत पुरलेले लोखंड सुरुवातीला भराभर गंजते. मग त्यावर गंज, माती आणि खडे यांचा जाड थर बसतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो. वस्तू आणि तिच्या भोवतालची जमीन यांच्यात जणू समझोता होतो. आपण वस्तू उकरून काढतो तेव्हा हा समझोता मोडतो.

खरा गुन्हेगार

समझोता मोडल्यावर काय होते? यासाठी गंजण्याच्या क्रियेकडे जरा बारकाईने पाहू. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्याचा धनभारित आयन बनतो. हा धनभार संतुलित करण्यासाठी बाहेरचे ऋणभारित आयन आत ओढले जातात. जमिनीत आणि समुद्रात असा सहज हालचाल करणारा ऋण आयन म्हणजे मिठातला क्लोराइड. तो गंजाच्या थरातून झिरपत जातो आणि शिल्लक राहिलेल्या धातूच्या अगदी पृष्ठभागाशी साठतो. वर्षानुवर्षे तेथे लोहाच्या क्लोराइडचे तीव्र, आम्लधर्मी द्रावण साचत राहते.

वस्तू बाहेर काढली की गंजाचा थर वाळतो आणि त्याला भेगा पडतात. भेगांतून ऑक्सिजन आत शिरतो. क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन नव्या प्रकारचा गंज तयार होतो आणि त्याबरोबर आम्लही मोकळे होते. हे आम्ल उरलेल्या धातूवर तुटून पडते, पुन्हा क्लोराइड तयार होते आणि चक्र चालू राहते. या नव्या गंजाला अकागानेआइट म्हणतात. जपानमधील अकागाने खाणीवरून हे नाव आले. त्याला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरचा थर आतून रेटतो आणि त्याच्या ढलप्या उडतात. दमट हवेत अशा वस्तूवर तपकिरी आम्लाचे थेंब दिसतात. संग्रहालयातील लोक याला ‘लोखंडाला घाम फुटणे’ म्हणतात ते उगीच नाही.

थोडक्यात, वस्तूला मारतो तो दिसणारा गंज नव्हे, तर न दिसणारे मीठ.

घासणे, तापवणे, धुणे

ही गोष्ट लोकांच्या ध्यानात हळूहळू आली. बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिख राथगेन या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक केली. पुराणवस्तूंचे जतन एवढ्याच कामासाठी संग्रहालयाने उभारलेली ही पहिली प्रयोगशाळा मानली जाते. राथगेनने १८९८ मध्ये या विषयावर एक पुस्तकही लिहिले. लोखंडी वस्तू पाण्यात पुनःपुन्हा भिजवायच्या आणि त्या पाण्यात क्लोराइड उतरते आहे की नाही हे सिल्व्हर नायट्रेटने तपासायचे, ही पद्धत त्या काळी रूढ होत गेली. दहावीच्या प्रयोगवहीतील पांढरा अवक्षेप तो हाच!

नॉर्वेत क्रेफ्टिंगने १८९२ मध्ये दुसरी युक्ती सांगितली. वस्तूभोवती जस्त गुंडाळून ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवायची. जस्त स्वतः विरघळते आणि त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडाला मिळतात. याच तत्त्वावर पुढे बॅटरी जोडून विद्युत अपघटनाची पद्धत आली. त्यात जुनी वस्तू ऋणाग्राला जोडतात. क्लोराइड धनाग्राकडे खेचला जातो आणि गंजाच्या थरातून बाहेर पडतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गुस्ताव रोझेनबर्ग याने आणखी जालीम उपाय केला. त्याने १९१७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. वस्तू लालबुंद होईपर्यंत तापवायची आणि मग पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची. क्लोराइड निघून जात असे आणि अनेक वस्तू खरोखरच टिकल्या. पण याची किंमत पुढे कळली. लोहार पाते तापवतो, ठोकतो आणि पाण्यात बुडवून त्याला पाणी देतो, तेव्हा पोलादाच्या आत विशिष्ट रचनेचे स्फटिक तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले की हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराला काय येत होते हे सांगता येते. वस्तू पुन्हा लालबुंद तापवली की ही रचना पुसली जाते. वस्तू वाचली, पण तिच्या आतले लेखन गेले. स्टॉकहोमच्या समुद्रातून १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ जहाजाच्या तोफगोळ्यांना हायड्रोजनमध्ये हजार अंशांच्या घरात तापवण्यात आले. त्या पद्धतीवरही हाच आक्षेप आहे.

भारतातही हे काम वाटते त्यापेक्षा जुने आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची विज्ञान शाखा १९१७ मध्ये सुरू झाली, तर मद्रासच्या सरकारी संग्रहालयात जतनासाठी रासायनिक प्रयोगशाळा १९३० मध्ये निघाली.

कप्तान कुकच्या तोफा

आधुनिक पद्धतीची कसोटी लागली ती एका प्रसिद्ध शोधात. ११ जून १७७० च्या रात्री कप्तान जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळखडकावर अडकले. जहाज हलके करण्यासाठी खलाशांनी सहा तोफा, लोखंडी व दगडी भार आणि बरेच सामान समुद्रात फेकले. जहाज वाचले, तोफा तळाशी राहिल्या. जवळपास दोनशे वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीच्या पथकाने चुंबकत्वमापकाच्या साहाय्याने त्या शोधून काढल्या. तोफांवर प्रवाळाचे इतके जाड कवच चढले होते की नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखू येणे कठीणच होते.

तोफा ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या होत्या. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात असतो. समुद्रात लोह विरघळून जाते, पण ग्रॅफाइटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. वस्तूचा आकार, त्यावरची अक्षरे, सारे जसेच्या तसे दिसते. पण तो भाग चाकूने कापता येईल इतका मऊ असतो. अशी वस्तू उघड्या हवेत वाळू दिली तर भेगा पडून तिचा चुरा होतो, आणि तारेच्या ब्रशने घासली तर अक्षरेच निघून जातात. म्हणून तोफा ओल्याच ठेवून मेलबर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेत नेण्यात आल्या. कॉलिन पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी प्रवाळ उतरवले, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विद्युत अपघटन केले, क्लोराइडचे प्रमाण मोजत राहिले, मग तोफा धुऊन वाळवल्या आणि त्यांना मेणाचे अस्तर दिले. पिअर्सन आणि नॉर्थ यांनी १९७५ मध्ये सोडियम सल्फाइट व कॉस्टिक सोडा यांच्या गरम द्रावणाची पद्धतही मांडली. आजही ती वापरली जाते.

दुसरा मार्ग पाणीच तोडण्याचा. ब्रुनेलने बांधलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज १८४३ मध्ये पाण्यात उतरले आणि १९७० मध्ये मोडक्या स्थितीत ब्रिस्टलला परत आले. एवढ्या मोठ्या जहाजाला द्रावणात कसे बुडवणार? कार्डिफ विद्यापीठात प्रयोग झाले. अकागानेआइटच्या सान्निध्यात लोखंडाचे गंजणे पूर्णपणे थांबायला हवेची सापेक्ष आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत उतरावी लागते; २० टक्क्यांना ते अगदी मंदावते, असे दिसले. म्हणून गोदीवर काचेचे छत घालून २००५ पासून जहाजाच्या खालच्या भागाभोवतीची हवा यंत्रांनी २० टक्के आर्द्रतेवर राखली जाते. मुंबईत पावसाळ्यात हीच आर्द्रता ८०-९० टक्के असते, हे लक्षात घेतले की आपल्याकडील संग्रहालयांपुढचा प्रश्न किती कठीण आहे हे कळते.

गंजातच आकार असतो

पूर्वीच्या सफाईमागे एक समज होता: गंज म्हणजे घाण, आणि आतले चकचकीत लोखंड म्हणजे खरी वस्तू. आज हा समज मागे पडला आहे. पुरलेल्या लोखंडी वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुधा गंजाच्या थरातच असतो. आतला धातू त्याच्यापेक्षा बराच लहान उरलेला असतो. गंज सगळा काढून टाकला की सुरीची धार, मुठीचा आकार, नक्षी सारे जाते. शिवाय लाकडी मूठ किंवा कापडाचे वेष्टन कुजून गेले तरी त्याचे तंतू गंजात ठशासारखे राहतात. म्हणून आता आधी क्ष-किरण छायाचित्र घेतात. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेल्या तलवारीचे पाते गंजाचा एक गोळा झाले होते. ते पिळलेल्या लोखंडी कांबी एकत्र ठोकून घडवले होते, हे क्ष-किरणांनीच दाखवले.

विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांच्या उत्खननांत इ.स. पूर्व पहिल्या सहस्रकातील कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम अशा वस्तू मिळाल्या. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. त्या लोहारांविषयी लिहिलेला एक शब्दही आपल्याकडे नाही. त्यांचे ज्ञान आहे ते या वस्तूंत आणि त्यांच्या गंजात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्यातील फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक थर बनला, हे कानपूरच्या आयआयटीतील बालसुब्रमण्यम यांनी दाखवले आहे. पण त्याच स्तंभाच्या जमिनीखालच्या भागावर मात्र गंजाचे थर आढळले होते.

धातुशोधक यंत्र आणि आपण

ब्रिटन-अमेरिकेत १९७० नंतर धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरण्याचा छंद पसरला. या यंत्रांत लोखंडाचा संकेत गाळून टाकण्याची सोय असते आणि नाण्यांच्या शोधात असलेले बहुतेक जण ती वापरतात. सापडलेले लोखंड अनेकदा फेकले जाते, नाहीतर घरी बॅटरी चार्जर लावून ‘चकचकीत’ केले जाते. उलट, अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी हेच यंत्र चौकटी आखून वापरले, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली, आणि १८७६ च्या लढाईत कोण कोठून कोठे सरकले हे उलगडले. यंत्र तेच; फरक नोंदीचा.

आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. पण नांगराला लागलेला गंजका फाळ किंवा कुऱ्हाड एखादा विद्यार्थी वर्गात आणतो, तेव्हा कायद्याआधी प्रश्न येतो तो हाताळण्याचा. अशा वेळी ती धुऊ नये, घासू नये, तेल, लिंबू, चिंच यांपैकी काही लावू नये. ती कोठे, किती खोलीवर सापडली ते लिहून ठेवावे, शक्य तर जागेवरचे छायाचित्र घ्यावे. वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. समुद्रातून आलेली वस्तू मात्र वाळू न देता पाण्यातच ठेवावी.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

तीन सारखे खिळे घ्या. त्यांवरचे तेल साबणाने काढा. एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या पाण्यात आणि तिसरा मीठ व धुण्याचा सोडा दोन्ही घातलेल्या पाण्यात ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षणे लिहून घ्या. तिसऱ्या खिळ्याची दुसऱ्याशी तुलना केली की संग्रहालये अल्कधर्मी द्रावण का वापरतात हे मुलांना स्वतःच उमगेल. मग दुसरा खिळा बाहेर काढून वरवर धुवा आणि ऊर्धपातित पाण्यात दोन दिवस ठेवा. त्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि नंतर सिल्व्हर नायट्रेट शिक्षकांनी स्वतः घालावे. पांढुरकेपणा दिसला, तर गंजात अडकलेले मीठ बाहेर येत आहे असे समजा.

आणखी एक गंमत. गंजलेल्या नव्या खिळ्यावर हिरड्याचा काढा लावून पाहा. हिरड्यातील टॅनिनमुळे गंज काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई करण्यामागचे रसायन हेच, आणि १९६० च्या दशकापासून संग्रहालयांत लोखंडावर टॅनिनचा लेप देतात त्यामागचेही हेच. हे सारे प्रयोग बाजारातून आणलेल्या खिळ्यांवरच करावेत.