पुरावा एक, निकाल तीन

मागच्या भागानंतर मंडईत एका गाळेवाल्या ताईंनी मला थांबवलं. "दादा, पुरावा तोच असतो ना? मग एक कोर्ट सोडतं, वरचं शिक्षा देतं, त्याच्याही वरचं परत सोडतं. हे कसं काय?" आजचा भाग या प्रश्नावर. उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात आहे.

२६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणं. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. भावाने केलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला ठाण्यात आणलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचं वय १४ ते १६. रात्री बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवलं. एका पोलिसावर बलात्काराचा आरोप, दुसऱ्यावर विनयभंगाचा. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून आहे. मुलीचं नाव पुष्कळांना माहीत आहे, पण मी ते घेणार नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. संमतीचं वय तेव्हा १६ होतं. मुलगी त्याच्या आतली आहे हे सिद्ध झालं नाही, असं कोर्ट म्हणालं. वयाचा मुद्दा निसटला आणि सगळा खटला संमतीवर आला. तिची संमती होती, असं कोर्टाने ठरवलं.

१९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे उलटवलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून एकाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्यांचा हिशोब होता.

आता बघा. अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही, कागदावरची साक्ष वाचली जाते. १९३४ मध्ये शिवस्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं होतं की अपील कोर्ट सगळा पुरावा नव्याने तोलू शकतं. पण साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशाने प्रत्यक्ष पाहिलंय, आणि सुटलेल्या माणसाचं निर्दोषत्व आणखी पक्कं झालंय, हे त्याने लक्षात ठेवायचं. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाच हवा.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते, प्रश्नात. एका कोर्टाने विचारलं, "जखम कुठे आहे?" दुसऱ्याने विचारलं, "रात्री, ठाण्यात, पोलिसांसमोर ही पोर नाही म्हणू शकत होती का?"

आणि हा दुसरा प्रश्न काही नवा नव्हता. त्याच्या पाव शतक आधी, पूर्वी नागपूरला मुख्य न्यायाधीश राहिलेल्या व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात ८ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात लिहिलं होतं की स्वतंत्र पुष्टी मागणं हा सावधगिरीचा भाग आहे, कायद्याची अट नव्हे. त्या मुलीने आईला सांगितलं होतं, तीच पुष्टी त्यांनी धरली.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ पासून, कोठडीत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली "माझी संमती नव्हती", की कोर्टाने तसंच धरून चालायचं, उलट सिद्ध करणं आरोपीवर. २०१२ मध्ये पॉक्सो आला. त्यात १८ च्या आतल्या मुलांच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उरला नाही.

तरी प्रश्न चुकायचे थांबले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठाने १२ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात म्हटलं की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कातडीला कातडी लागली का हे बघायचं नाही, हेतू काय होता ते बघायचं, असं सांगितलं.

१९७८ ला वरचं कोर्ट चुकलं, २०२१ ला त्यानेच सावरलं. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा कोर्ट कोणतं हे बघून थांबू नका. न्यायाधीशांनी त्या मुलीबद्दल काय विचारलं, तेवढं शोधा.