वोल्गाकाठचा कारखाना आणि मराठी डफ



पोवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम गड उभा राहतो. तुळशीदासाने सिंहगड गायिला, अज्ञानदासाने प्रतापगडाखालचा अफझलखानाचा प्रसंग गायिला, आणि पुढच्या शाहिरांनी पानिपत व खर्डा ही रणे गायिली. गाव कोणतेही असो, त्यात एक तट असावा, एक नामांकित वीर असावा आणि चालून येणारा शत्रू असावा, एवढी सामग्री जमली म्हणजे शाहिराचा हात डफाकडे जात असे. परंतु १९४३ साली मराठी डफावर असे एक गाव चढले की ज्याला ना तट होता ना बुरूज. होते ते कारखाने. त्या गावाचे नाव स्टालिनग्राड, आणि शाहिराचे नाव अण्णा भाऊ साठे. महाराष्ट्रातील माणसाने हजारो कोसांवरच्या एका कारखान्यांच्या गावाचा पोवाडा का रचावा, आणि तो आपला म्हणावा काय, या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या गावाची ओळख करून घेऊ. वोल्गा नदीच्या पश्चिम तीरावर लांबच लांब पसरलेले हे शहर पूर्वी त्सारित्सिन या नावाने ओळखले जाई. १९२५ मध्ये त्याचे नाव स्टालिनग्राड झाले, आणि १९६१ मध्ये ते वोल्गोग्राड झाले. वस्ती साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईच्या मानाने लहानच. परंतु शहराच्या उत्तर भागात ट्रॅक्टरचा कारखाना, तोफांचा कारखाना आणि पोलादाचा कारखाना असे तीन मोठे कारखाने ओळीने उभे होते. यांपैकी ट्रॅक्टरचा कारखाना १९३० मध्ये सुरू झाला. नांगर ओढणारी यंत्रे करण्यासाठी तो उभारला होता. युद्ध आले आणि त्यातून रणगाडे बाहेर पडू लागले.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी शहरावर प्रचंड बाँबफेक केली आणि त्याच दिवशी जर्मन रणगाडे उत्तरेकडून वोल्गाकाठी येऊन भिडले. त्यांच्या वाटेत प्रथम आल्या त्या विमानविरोधी तोफा, आणि त्यांपैकी अनेक तोफांवर तरुण मुली होत्या. पाठोपाठ कारखान्यातील कामगारांची पथके पुढे झाली. नुकतेच जोडलेले, रंगसुद्धा न लावलेले रणगाडे कारखान्याच्या दारातून थेट आघाडीवर गेल्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. ऑक्टोबरात लढाई कारखान्यांच्या आत शिरली. मैदानावर जशी कोसाकोसाने सेना सरकते तसा येथे हिशेब नव्हता. एक खोली, एक जिना, एक भिंत असा तो हिशेब होता. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत सेनेने उलटा वेढा आवळण्यास प्रारंभ केला आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले.

आता शाहिराकडे वळू. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, गाव वाळवे तालुक्यातील वाटेगाव. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम पाहिली. वडिलांबरोबर ते मुंबईस पायी आले, मिळेल ते काम केले, गिरणीतही राबले, आणि माटुंग्याच्या लेबर कँपात चळवळीत ओढले गेले. तमाशाचा संस्कार त्यांच्यावर गावाकडेच झाला होता. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडचा पोवाडा हा त्याच्या अगोदरचा.

हा पोवाडा ऐकणारा श्रोता कोण होता, हे लक्षात घेतले म्हणजे निम्मे कोडे उलगडते. भोंगा, पाळी, यंत्राचा खडखडाट, दारावरचा पहारेकरी, हे सारे त्याच्या रोजच्या जगण्यातले होते. वोल्गा त्याने पाहिली नव्हती, पण कारखान्याचे दार त्याला पाठ होते. आपण ज्या दारातून सकाळी आत जातो त्याच दाराशी उभे राहून कोणी शत्रूला अडविले, ही गोष्ट त्याला सांगून समजवावी लागली नाही. जुन्या पोवाड्यात गडाचे जे स्थान होते ते येथे कारखान्याने घेतले. सरदाराच्या जागी आला नाव नसलेला मजूर. पूर्वीच्या शाहिराला सरदार-दरकदार इनाम देत, म्हणून स्तुतीही त्यांचीच होई. या शाहिराला इनाम देण्याजोगे श्रोत्यांपाशी काही नव्हते. माझ्या मते मराठी पोवाड्याच्या इतिहासात हा पालट फार मोठा आहे.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९४२ च्या ज्या ऑगस्टात वोल्गाकाठी आग पेटली, त्याच ऑगस्टात येथे ‘छोडो भारत’चा वणवा पेटला होता. ९ ऑगस्टला गांधीजी आणि सारे पुढारी पकडले गेले. रशियावर हल्ला झाल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने या युद्धास ‘लोकयुद्ध’ म्हटले आणि बेचाळीसच्या लढ्यापासून तो दूर राहिला. शाहिराच्याच वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील त्या वेळी भूमिगत होते आणि सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहत होते. एकाच मातीतील दोन माणसे, आणि त्यांचे दोन मार्ग! घरात आग लागली असता शेजारगावच्या शौर्याचे गाणे काय गाता, असा आक्षेप तेव्हा घेता येण्याजोगा होता, आणि तो पोकळ नव्हता. पक्षाच्या त्या धोरणाचे समर्थन मी करणार नाही. पण नाझींचा पराभव ही काही शेजारगावची गोष्ट नव्हती, हेही तितकेच खरे. पुढे काळाने या दोन वाटा जवळ आणल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे शाहीर आणि नाना पाटील एकाच बाजूस होते, आणि १९६७ मध्ये नाना पाटील बीडहून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून!

तिसरी बाजू आपल्या जिल्ह्याची. त्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, माणगाव तालुक्याचे यशवंतराव घाडगे मराठा पलटणीतून इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी, साथीदार पडल्यावर, त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ते जिंकले आणि तेथेच प्राण ठेविला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा वय अवघे बाविशीचे होते. हा जवान परक्या राजाच्या सैन्यात होता, म्हणून त्याचे शौर्य कमी ठरत नाही. त्याच्या गावचा शेतकरी आणि वोल्गाकाठचा मजूर एकाच शत्रूशी लढले.

तेव्हा इतिहासाचे साधन म्हणून या पोवाड्याचा उपयोग कसा करावा? मृतांचे आकडे, पलटणींची नावे, सेनापतींचे बेत यांसाठी तो उघडू नये. त्यासाठी कागदपत्रे आहेत. ज्या नेत्याचे नाव त्या शहराला होते त्याच्याविषयी पुढे जे उघड झाले, तेही पोवाड्यात शोधू नये. मुंबईचा मजूर १९४३ साली कशाने हेलावला, एवढे मात्र तोच सांगतो, आणि हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. शहराचे नाव बदलले, पोवाड्यात जुनेच राहिले; तेही इतिहासाचेच काम झाले.

श्रोतेहो, जासईला हे सांगण्यास कारण आहे. ही भूमी स्वतःच शेतीतून बंदराकडे आणि कारखान्यांकडे लोटली गेली. जमिनीच्या दामासाठी या गावचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व नवघर येथे गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले. सरकारी दप्तरात त्या दिवसांच्या नोंदी असतील. त्या वेळी घरोघर काय गायिले गेले, मोर्च्यात कोणती चाल उचलली गेली, जात्यावर कोणती ओवी रचली गेली, याची नोंद मात्र ती माणसे आहेत तोवरच होईल. घरी परत गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, आणि जे सांगतील ते गाणाऱ्याच्या नावासह, सालासह वहीत उतरून ठेवा. पुढच्या वसंतात याच व्यासपीठावरून त्या वह्यांचेच व्याख्यान व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.