ऊर्फ मुहम्मद अली

कोर्टाच्या कागदावर ‘ऊर्फ’ हा शब्द दिसला की आपण जरा सावध होतो. वर्तमानपत्रातल्या गुन्हेवृत्तात तो हमखास भेटतो. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मुष्टियोद्ध्याच्या अपिलावर निकाल दिला, त्याच्या मथळ्यातही हा शब्द आहे. अपीलकर्ता : कॅशियस मार्सेलस क्ले ज्युनियर, ऊर्फ मुहम्मद अली. जे नाव टाकून त्याला सात वर्षं झाली होती ते पुढे, आणि ज्या नावाने जग त्याला ओळखत होतं ते ‘ऊर्फ’च्या मागे. गंमत म्हणजे, पुढे ठेवलेल्या त्या नावातल्या ‘मार्सेलस’चं स्पेलिंगही चुकलेलं आहे. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही ‘क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ म्हणूनच वाचतात.

३ जून २०१६ रोजी अली गेला, तेव्हा ही गोष्ट एका वाक्यात सांगितली जात होती : त्याने युद्धाला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. ऐकायला छान वाटतं. पण कागद उलगडून पाहिले तर दिसतं की, तो तुरुंगात जाता जाता वाचला. तोही तत्त्वाच्या विजयामुळे नव्हे, सरकारी पत्रातल्या एका चुकीमुळे.

आधी नावाबद्दल. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी १७ जानेवारी १९४२ रोजी तो जन्मला. वडिलांचं नाव कॅशियस क्ले, मुलाचंही तेच. हे नाव मुळात एका गोऱ्या माणसाचं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या केंटकीच्या जमीनदाराने आपले गुलाम मुक्त केले आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर भांडण मांडलं. म्हणजे नाव काही वाईट माणसाचं नव्हतं. तरीही ते मालकवर्गाचं नाव, आपलं नव्हे, असं या मुलाला वाटलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामी बीचला सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपण ‘नेशन ऑफ इस्लाम’चे असल्याचं सांगितलं. मार्चमध्ये त्या संघटनेचे प्रमुख एलायजा मुहम्मद यांनी त्याला नवं नाव दिलं. ही संघटना इस्लामच्या मुख्य प्रवाहापासून फार दूर होती. गोरा माणूस म्हणजे सैतान, अशी तिची शिकवण. ती मला कधीच पटली नाही. पुढे १९७५ मध्ये एलायजा मुहम्मद वारले आणि अलीही सुन्नी इस्लामकडे वळला. पण नाव त्याने जपलं. मोठमोठी वर्तमानपत्रं मात्र वर्षानुवर्षं ‘क्ले’च छापत राहिली.

नावाचं हे दुखणं मला थोडं कळतं. कवितेच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना निवेदक नावापाशी क्षणभर थांबतो आणि ‘विशेष म्हणजे हे मराठीत लिहितात’ असं म्हणून पुढे जातो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. टाळ्याही पडतात. असो.

सैन्याशी अलीचा पहिला संबंध आला तो विनोदी. १९६४ मध्ये भरतीच्या बुद्धिमापन चाचणीत तो नापास झाला. मी स्वतःला सर्वांत महान म्हटलं होतं, सर्वांत हुशार नव्हे, असं तो हसत म्हणाला. पण व्हिएतनाममध्ये माणसं कमी पडू लागली तशी उत्तीर्ण होण्याची पातळी खाली आली, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये हा नापास विद्यार्थी घरबसल्या पास झाला. पत्रकारांनी घेरलं तेव्हा तो बोलून गेला, त्या व्हिएतकाँगशी माझं काही भांडण नाही. या एका वाक्याने देश पेटला. राजकारण्यांनी झोडपलं, गावोगावी त्याच्या लढती रद्द झाल्या. जो लुईससारखा कृष्णवर्णीय विजेताही त्याच्या विरोधात बोलला.

सदसद्विवेकबुद्धीला युद्ध पटत नाही म्हणून भरतीतून सूट मागण्याची सोय अमेरिकी कायद्यात होती. अटी तीन : विरोध कुठल्याही युद्धाला हवा, तो धार्मिक शिकवणुकीतून आलेला हवा आणि प्रामाणिक हवा. अलीने अर्ज केला. सुनावणीसाठी नेमलेले केंटकीचे निवृत्त न्यायाधीश लॉरेन्स ग्राउमन यांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हा माणूस प्रामाणिक आहे, सूट द्यावी, अशी शिफारस केली. कोणालाच ती अपेक्षित नव्हती. न्याय खात्याने मात्र अपील मंडळाला पत्र लिहून कळवलं की अली तिन्ही अटींत बसत नाही. मंडळाने कारण न देता अर्ज फेटाळला. हे पत्र लक्षात ठेवा.

२८ एप्रिल १९६७. ह्यूस्टनचं भरती केंद्र. रांगेतल्या एकेका तरुणाचं नाव पुकारलं जातं, त्याने एक पाऊल पुढे टाकायचं. पाऊल टाकलं की तो सैनिक. ‘कॅशियस क्ले’ असा पुकारा झाला. तो जागचा हलला नाही. त्याला बाजूला नेऊन शिक्षा काय होईल ते समजावलं, पुन्हा पुकारा केला. तरी नाहीच. आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नव्हतं, पण त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना निलंबित केला. जगज्जेतेपदही काढून घेतलं गेलं. २० जूनला सहा गोरे पुरुष आणि सहा गोऱ्या स्त्रिया अशा ज्युरीने एकवीस मिनिटांत त्याला दोषी ठरवलं. पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड, म्हणजे कायद्यातली कमाल शिक्षा. अपिलामुळे तो जामिनावर बाहेर राहिला, पण पासपोर्ट जप्त. देशात लढता येईना, परदेशी जाता येईना. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची साडेतीन वर्षं, तो कॉलेजांत भाषणं देत फिरला.

परवान्याचा वाद वेगळा चालला. अलीच्या वकिलांनी न्यूयॉर्क आयोगाचं दप्तर उपसलं. शिक्षा झालेल्या दोनशेहून अधिक जणांना आयोगाने परवाने दिलेले निघाले. त्यांत खुनाचे गुन्हेगार होते, दरोडेखोर होते, सैन्यातून पळालेलेही होते. मग अलीच का नको? सप्टेंबर १९७० मध्ये न्यायाधीश वॉल्टर मॅन्सफिल्ड यांनी ही मनमानी ठरवली आणि परवाना द्यायला लावला. ऑक्टोबरात अटलांटाला तो पुन्हा रिंगणात उतरला.

त्याला संत करायचं मात्र कारण नाही. अर्नी टेरेल त्याला ‘क्ले’ म्हणायचा. १९६७ च्या फेब्रुवारीत अलीने त्याला पंधरा फेऱ्या बडवलं, प्रत्येक ठोशागणिक ‘माझं नाव काय?’ असं विचारत. त्याहून वाईट वागला तो जो फ्रेझियरशी. बंदीच्या काळात फ्रेझियरने त्याला मदत केली होती. त्याच माणसाला अलीने गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं, पुढे गोरिला म्हटलं. स्वतःच्या नावाचा एवढा मान राखणाऱ्याने दुसऱ्याला अशी नावं ठेवावीत, हे मला आजही खुपतं. मार्च १९७१ मध्ये फ्रेझियरने त्याला पाडलं आणि हरवलं.

त्यानंतर दीडेक महिन्याने, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला. नऊपैकी थरगुड मार्शल बाजूला झाले, कारण खटला चालला तेव्हा ते सरकारचे मुख्य वकील होते. उरले आठ. बंद दाराआड मतं घेतली, ती पाच विरुद्ध तीन, अलीच्या विरोधात. निकाल लिहायचं काम न्यायमूर्ती जॉन हार्लन यांच्याकडे आलं. दृष्टी जवळपास गेलेली, प्रकृती ढासळलेली. त्याच वर्षाअखेर ते वारले. त्यांच्या हाताखालच्या तरुण कायदेपंडितांनी त्यांना नेशन ऑफ इस्लामची पुस्तकं वाचायला लावली. या धर्मयुद्धाच्या बोलण्यात खऱ्या रणांगणावरचं युद्ध नाही, हे त्यांना पटलं आणि त्यांनी मत फिरवलं. आता चार विरुद्ध चार. बरोबरी झाली की खालचा निकाल कायम, म्हणजे अली कारण न कळता तुरुंगात.

मग न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी वाट काढली. ती होती त्या जुन्या पत्रातच. अलीची श्रद्धा धार्मिक आहे आणि प्रामाणिक आहे, हे सरकारने आता सर्वोच्च न्यायालयात मान्य केलं होतं. म्हणजे पत्रातली तीनपैकी दोन कारणं चुकीची. मंडळाने नेमकं कोणतं कारण धरलं ते सांगितलंच नव्हतं, मग शिक्षा टिकणार कशी? १९५५ मधल्या ‘जेहोवाज विटनेसेस’ पंथीयाच्या खटल्याचा दाखला हाताशी होताच. आठही न्यायमूर्ती एक झाले. अली ‘कुठल्याही युद्धाच्या’ विरोधात होता की नाही, या मूळ प्रश्नाला निकालाने हातच लावला नाही. आतल्या या घडामोडी बाहेर आल्या १९७९ मध्ये, न्यायालयावरच्या एका गाजलेल्या पुस्तकातून. अलीला निकाल कळला तो शिकागोत रस्त्यावर. संत्र्याचा रस घेऊन तो एका छोट्या दुकानातून बाहेर पडला होता आणि दुकानदार आनंदाने ओरडत मागून धावत आला.

१९८० च्या सुरुवातीला अली भारतात आला होता. तो इथे असतानाच मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घालायला आफ्रिकी देशांना राजी करण्याची कामगिरी अध्यक्ष कार्टर यांनी त्याच्यावर सोपवली, आणि सरकारी विमान त्याला भारतातून थेट टांझानियाला घेऊन गेलं. ज्या सरकारने तेरा वर्षांपूर्वी पासपोर्ट काढून घेतला, त्याचाच तो दूत! अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटायलाही नकार दिला.

जून २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अलीला मरणोत्तर माफी देण्याचा विचार बोलून दाखवला. अलीच्या कुटुंबाच्या वकिलांनी आभार मानले आणि कळवलं की माफीची गरज नाही, शिक्षा १९७१ मध्येच रद्द झालेली आहे.