चाकांची साक्ष

कागद खरा की खोटा, हे त्यावरील तारीख आणि शिक्का यांच्या मेळावरून ठरते, हे आम्हां कारकुनांस पहिल्याच वर्षी उमगते. जुन्या मोटारीचा शिक्का म्हणजे तिची चाके होत.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली टी मॉडेलची पिकअप, म्हणजे मागे मालाचा हौदा असलेली छोटी मोटार, कारखान्यातूनच विकावयास काढली. तिची चाके लाकडी आऱ्यांची होती. तिच्यामागून आलेल्या ए मॉडेलने पोलादी तारांची चाके आणली. १९२८-२९ च्या गाडीचे चाक २१ इंची, टायर ४.५ इंच रुंद. १९३०-३१ चे चाक १९ इंची, टायर ४.७५ इंच रुंद. तेव्हा १९२९ च्या पिकअपला १९ इंची चाक लावणे म्हणजे तिच्या जन्मतारखेत खाडाखोड करणे होय. रेडियल टायर तर १९४६ नंतरचे. तेही येथे परकेच.

परंतु गाडीचे आयुष्य जन्मदिवशीच संपत नाही. जपानी आक्रमणाने आग्नेय आशियातील रबर दुरावू लागताच जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेत टायरांचे रेशनिंग सुरू झाले. त्या दिवसांत ज्याने मिळेल ते चाक चढवून गाडी चालती ठेवली, त्याची खटपट हाही इतिहासच. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने मूळ मापाची चाके अवश्य बसवावीत. पण उतरविलेली चाके भंगारात न घालता जपून ठेवावीत. सेवापुस्तकातील चुकीची नोंद आम्ही खरवडून काढीत नाही. ती वाचता येईल अशा बेताने तिच्यावर रेघ ओढतो आणि शेजारी बरोबर नोंद लिहून साहेबांची सही घेतो.